दिवाळखोरीची झळ सोसलेली संत: एलिझाबेथ सेटन

कर्ज फिटेनासे होऊन दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली, की माणूस पैशाच्या चिंतेपेक्षा शरमेनेच अधिक खचतो. तो नातलगांना टाळतो, रविवारच्या मिस्सेलाही दिसेनासा होतो. अशा बंधुभगिनींसाठी आम्ही आज संत एलिझाबेथ अ‍ॅन सेटन यांचे चरित्र सादर करीत आहोत.

त्यांचा जन्म २८ ऑगस्ट १७७४ रोजी न्यूयॉर्क येथे एका डॉक्टरांच्या घरी झाला. १७९४ साली विल्यम सेटन या सधन व्यापाऱ्याशी त्यांचा विवाह झाला. १७९७ साली लहान मुले असलेल्या गरीब विधवांसाठी एक मदतसंस्था स्थापन झाली, तिच्या त्या खजिनदार होत्या. पुढे सासरे निवर्तले आणि धाकट्या दिरा-नणंदांचा भार या दांपत्यावर आला. त्यातच जहाजे बुडाली, येणी अडकली आणि १८०० च्या अखेरीस पेढीचे दिवाळे निघाले. घरातील वस्तूंची यादी धनकोंसाठी करून द्यावी लागली. पुढील वर्षी राहते घरही सुटले.

त्या वेळी एलिझाबेथ २६ वर्षांच्या होत्या व पदरी चार मुले होती. भीती आणि दुःख त्यांनाही चुकले नाही. परंतु त्यांनी संकट लपविले नाही. पतीच्या शेजारी बसून त्या रात्री उशिरापर्यंत पेढीचे हिशेब लिहीत. मनातील व्यथा त्या नणंद रिबेका आणि मैत्रीण ज्युलिया स्कॉट यांना मोकळेपणाने कळवीत. प्रार्थनेत खंड पडू देत नसत.

क्षयाने पीडित पतीस घेऊन त्या १८०३ साली इटलीस गेल्या. तेथे पिसा येथे २७ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. विधवांना साहाय्य करणाऱ्या एलिझाबेथ आता स्वतःच पाच मुलांसह परसाहाय्यावर अवलंबून राहिल्या, आणि ते साहाय्य त्यांनी नम्रपणे स्वीकारले. इटलीतील फिलिक्की कुटुंबाच्या सहवासात त्यांना कॅथलिक श्रद्धेची ओळख झाली. १४ मार्च १८०५ रोजी त्यांनी ती स्वीकारली. एमिट्सबर्ग येथे त्यांनी १८०९ साली धर्मभगिनींचा संघ व १८१० साली मुलींची शाळा स्थापन केली. ४ जानेवारी १८२१ रोजी त्या प्रभूच्या घरी गेल्या. पोप पॉल सहावे यांनी १९७५ साली त्यांना संतपद बहाल केले.

गेलेली संपत्ती त्यांना परत मिळाली नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. मिळाले ते नवे पाचारण. वाचकहो, दिवाळे पेढीचे निघते, माणसाचे नव्हे. हिशेब प्रामाणिकपणे मांडावा, विश्वासू व्यक्तीजवळ मन मोकळे करावे आणि मिस्सेतील आपली जागा रिकामी ठेवू नये.