अग्निबाणाआधी माणसे

अग्निबाण आकाशात झेपावला की दुसऱ्या दिवशी त्याचे छायाचित्र वृत्तपत्रांत झळकते. परंतु तो उडविणारी माणसे कोठे शिकली, त्यांना कोणी शिकविले आणि त्या शिक्षणाची घडी कोणी बसविली, याची विचारपूस सहसा होत नाही. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचे जनक म्हणून डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव आपण आदराने घेतो. त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाचा धडा मात्र या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाच्या उत्तरात दडलेला आहे.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेतील एका धनाढ्य गिरणीमालकाच्या घरी साराभाईंचा जन्म झाला. केंब्रिजला १९४० साली पदवी मिळाली, तेव्हा युरोपात युद्ध पेटले होते. ते मायदेशी परतले आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. चंद्रशेखर रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. युद्धानंतर पुन्हा केंब्रिज गाठून १९४७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. घरच्या वैभवात सुखाने राहणे त्यांना अशक्य नव्हते. पण त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी केली, तीही एका महाविद्यालयाच्या आवारातील मोजक्या खोल्यांत. संचालकपद स्वतःकडे न घेता त्यांनी ते हवामानशास्त्रज्ञ डॉ. के. आर. रामनाथन यांच्याकडे सोपविले.

ही प्रयोगशाळा वस्तुतः एक पदव्युत्तर पाठशाळाच होती. तिला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार नव्हता. विद्यार्थी संशोधन तेथे करीत आणि प्रबंध विद्यापीठाला सादर करीत. पदवी विद्यापीठाची, काम प्रयोगशाळेचे, अशी ही वाटणी होती. उडुपी रामचंद्र राव यांनी साराभाईंच्याच मार्गदर्शनाखाली १९६० साली डॉक्टरेट मिळविली. कस्तुरीरंगन यांचे संशोधनही तेथेच झाले. पुढे हे दोघेही भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे अध्यक्ष झाले. आपल्या कोल्हापुरात १९२५ साली जन्मलेले एकनाथ चिटणीस हेही याच प्रयोगशाळेत घडले.

१९६२ साली अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि साराभाई तिचे अध्यक्ष झाले. केरळातील थुंबा हे मच्छीमारांचे गाव चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने निवडण्यात आले. ही जागा शोधण्यात चिटणीसांचा वाटा मोठा होता. तळ सज्ज होत असतानाच तरुण अभियंत्यांची एक तुकडी प्रशिक्षणासाठी अमेरिकेतील नासाकडे पाठविण्यात आली. अब्दुल कलाम तिच्यात होते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. अग्निबाण अमेरिकेचा होता, त्यातील प्रयोगसामग्री फ्रान्सची होती. पण ती हाताळू शकणारे हात आपले होते. परदेशी स्थिरावलेल्या तज्ज्ञांनाही साराभाईंनी बोलावून घेतले. इंग्लंडमध्ये काम करणारे वसंत गोवारीकर १९६७ साली थुंब्याला आले, ते त्यांच्याच आग्रहामुळे. त्याच वर्षी अहमदाबादेत उपग्रह संदेशवहनाचे प्रायोगिक भूकेंद्र उभे राहिले आणि ते प्रशिक्षणाचेही केंद्र झाले.

गरीब देशाला हा खर्च परवडतो काय, असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो गैरवाजवी नव्हता. खेड्यापाड्यांत शिक्षण आणि शेतीचे ज्ञान पोचविण्यासाठी उपग्रह वापरावा, हे साराभाईंचे त्यावरील उत्तर होते. ते फलद्रूप झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९६६ साली होमी भाभांच्या अपघाती निधनानंतर अणुऊर्जा आयोगाचाही भार त्यांच्यावर आला होता. ३० डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, कोवळमला त्यांचे आकस्मिक निधन झाले. तोवर भारताचा एकही उपग्रह आकाशात गेला नव्हता. तरीही काम थांबले नाही. एप्रिल १९७५ मध्ये राव यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला 'आर्यभट' अंतराळात गेला. त्याच वर्षी ऑगस्टपासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोचली आणि त्या प्रयोगाच्या धुरीणांत चिटणीस होते. एका माणसाच्या जाण्याने कार्य खंडित झाले नाही, यातच त्याने माणसे घडविली होती याची साक्ष आहे.

हीच रीत पुढे चालली. १९९५ साली संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असे आशिया-पॅसिफिक देशांसाठीचे केंद्र डेहराडूनला स्थापन झाले. तेथे दूरसंवेदन शिकविले जाते, तर उपग्रह संदेशवहन आणि अवकाशविज्ञान हे विषय अहमदाबादेत शिकविले जातात. जेथे काम, तेथे वर्ग, हे साराभाईंचेच सूत्र होय. २००७ साली तिरुवनंतपुरमला अवकाशविज्ञानाची स्वतंत्र शिक्षणसंस्थाही निघाली.

परंतु २०२० साली हे क्षेत्र खासगी उद्योगांना खुले झाले आणि प्रश्नाचे स्वरूप बदलले. मोठी सरकारी संस्था आपली माणसे स्वतः शिकवू शकते. लहान कारखान्याला ते झेपत नाही. मग शिकवायचे कोणी? विद्यापीठ पदवी देऊन मोकळे होणार आणि कारखानदार अनुभव मागणार, या कात्रीत आपला विद्यार्थी सापडता कामा नये. राष्ट्रीय समिती ज्या वर्षी स्थापन झाली, त्याच १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. धातू ओतण्याचे आणि घडविण्याचे कसब येथील ओतशाळांत आणि यंत्रशाळांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि उद्यमनगर यांना एका अभ्यासक्रमात गुंफणे अशक्य नाही. त्यासाठी पुढाकार घेणारा कोणी तरी हवा.

कोल्हापूरला हा विचार परका वाटू नये. दूरच्या खेड्यातील मुलाला शिकायचे असेल तर आधी त्याच्या राहण्याची सोय हवी, हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी या नगरीत वसतिगृहे उभारली. साराभाईंनी अग्निबाणाआधी प्रयोगशाळा उभारली, त्यामागील दृष्टी हीच होती.