डासाचे पोट उघडून पाहणारा डॉक्टर

पॅट्रिक मॅन्सन यांचा जन्म १८४४ मध्ये स्कॉटलंडमध्ये झाला. वैद्यकीय पदवीनंतर ते १८६६ मध्ये चीनच्या सीमाशुल्क खात्याचे डॉक्टर म्हणून फॉर्मोसाला, म्हणजे आजच्या तैवानला गेले. पाच वर्षांनी ते अमॉय बंदरात आले. हत्तीरोगाचे रुग्ण तेथे रोजचेच. सुजलेला भाग कापून काढता येई. पण रोग येतो कुठून, हे कोणालाच माहीत नव्हते.

माणसाच्या रक्तात सूक्ष्म कृमी सापडतात, हे कोलकात्यात टिमोथी लुईस यांनी १८७२ मध्ये दाखवले होते. मॅन्सन यांनी १८७७ मध्ये असे कृमी अंगात असलेल्या आपल्या माळ्याला चावलेले डास गोळा केले आणि एकेक चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. डासाच्या पोटात गेलेले कृमी त्याच्या शरीरात वाढत होते. हे कृमी रात्रीच रक्तात मोठ्या संख्येने येतात, हेही त्यांनी दाखवले. मात्र डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने रोग होतो, असा त्यांचा समज होता. कृमी डासाच्या सोंडेवाटे येतात, हे १९०० मध्ये स्पष्ट झाले.

हिवतापाचे मूळ डासात शोधा, असे त्यांनी १८९४ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सुचवले. तीन वर्षांनी रॉस यांना सिकंदराबादेत तो पुरावा मिळाला. मॅन्सन १९२२ मध्ये वारले.

दोनच वर्षांनी डासात एक जिवाणू सापडला. त्याचे नाव वोल्बाकिया. पुढे तो हत्तीरोगाच्या कृमीत आणि कुत्र्याच्या हृदयातल्या कृमीतही आढळला. त्याच्याविना या कृमींचे प्रजनन थांबते. कृमी मेला की हे जिवाणू बाहेर पडतात, दाह होतो आणि लसिकावाहिन्या वाढवणारे प्रथिन शरीरात वाढते. वाहिन्या फुगतात, त्यांतून पाणी झिरपते आणि पाय सुजतो. डॉक्सिसायक्लिनने जिवाणू मारल्यावर हे प्रथिन कमी झाले आणि काही रुग्णांची सूज उतरली, असे चाचण्यांत दिसले. हे औषध अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

विदर्भात हत्तीरोग अजून आहे. रात्री रक्त तपासायला आरोग्य कर्मचारी दारी आला, तर त्याला परत पाठवू नका. मोहिमेतल्या गोळ्या त्याच्यासमोरच घ्या. पाय सुजलेला असेल, तर रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवा.