चंद्रावर स्वारी करणारा जादूगार

कलावंताची जीवनकथा त्याच्या मृत्यूपाशी संपते, असे आपण धरून चालतो. जॉर्ज मेलिएस या फ्रेंच चित्रपटकाराचे चरित्र वाचल्यापासून मला तसे म्हणवत नाही. कारण त्याच्या चरित्रातले सर्वांत विलक्षण प्रकरण त्याच्या निधनानंतर ५५ वर्षांनी सुरू झाले!

मेलिएसचा जन्म ८ डिसेंबर १८६१ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडिलांचा बुटांचा मोठा कारखाना होता; पण मुलाचा जीव रमला तो जादूच्या खेळांत. वडिलांच्या धंद्यातला आपला वाटा त्याने भावांना विकला आणि १८८८ मध्ये पॅरिसमधले रॉबेर-उदँ हे जादूचे नाट्यगृह विकत घेतले. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी दाखवलेली हलती चित्रे त्याने पाहिली. (हाच खेळ पुढच्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला.) ल्युमिएरांनी यंत्र विकण्यास नकार दिला, तेव्हा पठ्ठ्याने लंडनहून दुसरे यंत्र आणून त्यातून स्वतःचा कॅमेरा तयार केला!

१८९७ मध्ये त्याने माँत्रय येथे काचेचा स्टुडिओ उभारला. तेथे तोच लेखक, तोच दिग्दर्शक, तोच नट आणि पडदे रंगवणाराही तोच. माणसे अदृश्य होणे, मुंडके धडावेगळे होऊन बोलू लागणे, अशा चमत्कारांचे पाचशेहून अधिक चित्रपट त्याने काढले. १९०२ चा ‘चंद्राची सफर’ हा त्यांचा मुकुटमणी. तोफेतून सुटलेले यान चंद्राच्या डोळ्यात रुतते, हे दृश्य साऱ्या जगाने पाहिले. अमेरिकेत मात्र त्याच्या चोरट्या प्रती निघाल्या आणि पैसा भलत्यांच्याच खिशात गेला.

पुढे लोकांची आवड बदलली, कर्ज वाढले आणि १९१३ पूर्वीच त्याचे चित्रपट थांबले. पहिल्या महायुद्धात त्याच्या कित्येक फिती वितळवून सैनिकांच्या बुटांच्या टाचा बनवल्या गेल्या, असे सांगतात. बुटांच्या कारखान्यातून पळालेल्या माणसाच्या कलेचे शेवटी बूट व्हावेत, याला दैवदुर्विलास नाही तर काय म्हणावे? १९२३ मध्ये त्याचे नाट्यगृह पाडले गेले, स्टुडिओही गेला. त्या वर्षी त्याने उरलेल्या मूळ निगेटिव्ह स्वतःच्या हाताने जाळून टाकल्या. त्यानंतर तो माँपार्नास स्थानकात खेळणी आणि गोळ्या विकत बसे. उशिरा का होईना, जाणकारांनी त्याला ओळखले. १९२९ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा मोठा गौरव झाला. २१ जानेवारी १९३८ रोजी तो वारला.

‘चंद्राची सफर’च्या काही प्रती हाताने, एकेक चौकट रंगवून काढलेल्या होत्या. काळ्या-पांढऱ्या प्रती टिकल्या. रंगीत प्रत मात्र कायमची गेली असेच सारे मानत होते. १९९३ मध्ये बार्सिलोनाच्या चित्रपट संग्रहालयाला एका अनामिकाकडून जुन्या फितींची भेट मिळाली आणि तीत ही रंगीत प्रत निघाली! पण तिचा जणू दगड झाला होता. वेढे एकमेकांना चिकटले होते. १९९९ मध्ये ती पॅरिसच्या लॉबस्टर फिल्म्सकडे आली. तेथे रसायनांच्या वाफेने फीत मऊ करून, तुकडा तुकडा सोडवून, त्यांची छायाचित्रे घेण्यात आली. एकूण १३,३७५ चौकटी! २०१० मध्ये संगणकावर त्या जुळवल्या. जेथे खंड पडला तेथे काळ्या-पांढऱ्या प्रतीतील चित्रे घेऊन रंगवली. ११ मे २०११ रोजी कान महोत्सवात तो चंद्र पुन्हा रंगांत उगवला.

या प्रतीत मिरवणुकीतला झेंडा स्पेनच्या लाल-पिवळ्या रंगांत आहे, कारण ती स्पेनसाठी रंगवली होती. मग हा मेलिएसचा अस्सल चित्रपट म्हणावा का, अशी शंका कोणी काढील. मला तो झेंडा आहे तसाच हवा. धन्याने जाळले ते परमुलुखात कोणीतरी जपले, याची ती खूण आहे.

मेलिएसचे दोनशेहून थोडे अधिक चित्रपट आज उपलब्ध आहेत. निम्म्याहून अधिक अजून बेपत्ताच आहेत. म्हणून घरातला जुना, गंजलेला डबा भंगारात घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा, एवढेच माझे वाचकांना सांगणे आहे.