डॉन पॅट्रिसिओ

आपण मराठी माणसं तशी क्रिकेटवेडी. डब्लिनला येईपर्यंत माझं फुटबॉलचं ज्ञान पेले आणि मॅराडोना यांच्यापुढे गेलेलं नव्हतं. इथे राहून हळूहळू गोडी लागली आणि त्या नादात एका डब्लिनकराची गोष्ट कळली. घर सोडून आलेल्या आपल्यासारख्यांनी ती वाचावी असं मला मनापासून वाटतं.

पॅट्रिक ओ'कॉनेलचा जन्म १८८७ चा. तो वाढला ड्रमकॉन्ड्राला, म्हणजे आपल्या क्रोक पार्कच्या शेजारी. पोरवयात बोलंडच्या पिठाच्या गिरणीत कामाला होता. बेलफास्ट सेल्टिककडून खेळताना नाव झालं आणि शेफिल्ड वेन्सडेने त्याला इंग्लंडला नेलं. पुढे हल सिटी. त्या काळचा फुटबॉल चांगलाच धसमुसळा, आणि बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. एक जण बाहेर गेला की उरलेल्यांनी निभावायचं!

१९१४ साली आयर्लंडने वेल्सला आणि इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर हरवलं. शेवटचा सामना बेलफास्टला, स्कॉटलंडशी. त्यात कप्तान ओ'कॉनेलचा हात मोडला. गडी मैदान सोडून गेला नाही. सामना १-१ असा सुटला आणि आयर्लंडने ती स्पर्धा प्रथमच एकट्याने जिंकली. लगेच मँचेस्टर युनायटेडने हजार पौंड मोजून त्याला घेतलं, पुढे कप्तानही केलं.

पण १९१५ च्या गुड फ्रायडेला लिव्हरपूलशी झालेला सामना आधीच ठरलेला निघाला. त्यात ओ'कॉनेलने मारलेली पेनल्टी गोलापासून खूप लांबून गेली. सात खेळाडूंवर कायमची बंदी आली. त्याच्यावर आरोप झाला नाही, तरी ती पेनल्टी आजही लोकांच्या लक्षात आहे.

१९२२ साली बायको आणि चार मुलांना मँचेस्टरला ठेवून हा माणूस स्पेनला गेला, सांतांदेरच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून. तिथे तो 'डॉन पॅट्रिसिओ' झाला. १९३५ साली त्याच्या बेतिस संघाने शेवटच्या सामन्यात सांतांदेरलाच ५-० हरवून लीग जिंकली. बेतिसचं ते आजवरचं एकमेव लीग विजेतेपद.

मग बार्सिलोना. १९३६ साली यादवी युद्ध पेटलं, क्लबच्या अध्यक्षांची हत्या झाली. ओ'कॉनेल तेव्हा सुट्टीवर आयर्लंडमध्ये होता. इथेच राहिला असता तर कोण काय म्हणणार होतं? पण तो परत गेला. १९३७ मध्ये संघ घेऊन मेक्सिको आणि अमेरिकेचा दौरा केला. बहुतेक खेळाडू मेक्सिकोत किंवा फ्रान्समध्येच राहिले, पण दौऱ्याच्या पैशांनी कर्जात बुडालेला क्लब तगला.

आणि घर? मँचेस्टरला अधूनमधून पैसे यायचे, तो मात्र आला नाही. स्पेनमध्ये त्याने दुसरं लग्न केलं, पहिली बायको हयात असताना. पुढे १९५० च्या दशकात मुलगा बापाला शोधत सेव्हिलला पोचला, तर बापाने लोकांना त्याची ओळख पुतण्या म्हणून करून दिली. मोडक्या हाताने खेळणाऱ्या माणसाला तेवढं एक वाक्य काही जमलं नाही.

१९५९ साली लंडनमध्ये तो कफल्लक अवस्थेत गेला. कबरीवर नावाचा दगडही नव्हता. बऱ्याच वर्षांनी चाहत्यांनी आणि घरच्यांनी वर्गणी काढून तो बसवला. ज्यांना त्याने वाऱ्यावर सोडलं होतं, त्यांच्याच पुढच्या पिढीने त्याची आठवण जपली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मंडळी, पैसे आपण सगळेच घरी पाठवतो. या दिवाळीत पैशांबरोबर एक फोनही करा, आणि जरा निवांत बोला.