रेघेपासून अक्षरापर्यंत : ताराबाई मोडक यांचे कार्य

आमच्या चऱ्होली परिसरात भोसरी, चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या श्रमिकांची मुले पहिलीच्या वर्गात येतात, तेव्हा त्यांतील काहींच्या हाती पेन्सिल प्रथमच आलेली असते. पाटीवर उभी रेघ ओढताना त्यांचा हात थरथरतो, रेघ वाकडी जाते आणि लगेच कोणीतरी त्या बालकास ‘मंद’ ठरवून मोकळे होते. ज्या समाजास शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्या समाजाच्या मुलावर मारलेला हा शिक्का किती खोल उमटतो, हे आम्हांस ठाऊक आहे. दोष बुद्धीचा नसून हाताला न मिळालेल्या खेळाचा आहे, हे ज्यांनी महाराष्ट्रास आयुष्यभर शिकविले, त्या ताराबाई मोडक यांचे स्मरण या स्मरणिकेत करणे म्हणूनच उचित होय.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी प्रार्थना समाजाच्या विचारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी स्त्रीने पदवी घेणे ही दुर्मीळ गोष्ट होती. विवाहानंतरचे जीवन सुखाचे ठरले नाही. तथापि त्या खचल्या नाहीत. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले आणि १९२३ मध्ये ते सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या कार्यात स्वतःस झोकून दिले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मराठी ‘शिक्षणपत्रिके’चे संपादन करून त्यांनी बालशिक्षणाचा विचार घरोघरी नेला. १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार उभा राहिला.

या कार्यामागे मारिया माँटेसरी यांची पद्धती होती. तीत मूल लिहिण्याआधी हाताची आणि डोळ्यांची तयारी करते. जमिनीवर आखलेल्या रेघेवरून तोल सावरीत चालते, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविते, धातूच्या चौकटींच्या कडेने रेघ ओढून आतील आकार रेघांनी भरते. रेघ प्रथम पायांना, मग बोटांना आणि शेवटी पेन्सिलीला कळते. अक्षर म्हणजे तरी काय? उभी, आडवी, तिरपी आणि वळणदार रेघ यांचाच तो मेळ.

माँटेसरींचे पहिले बालगृह १९०७ साली रोमच्या सॅन लोरेन्झो या श्रमिक वस्तीत उघडले होते. आपल्याकडे मात्र ही पद्धती महागड्या साधनांमुळे शहरातील सुखवस्तू घरांपुरती राहू लागली. ताराबाईंस हे सलत होते. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबई सोडून त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तेथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. विकत आणलेल्या साधनांची जागा तेथे शिंपले, खडे, बिया, पाने, माती आणि बांबू यांनी घेतली. काड्या एकापुढे एक मांडल्या की सरळ रेघ होते, चिंचोके वळणाने लावले की वर्तुळ होते, ओल्या वाळूत बोट फिरविले की हवी ती रेघ उमटते आणि हाताने पुसताही येते. पुसता येते म्हणून चुकण्याचे भय उरत नाही.

तरीही गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत पोहोचत ना. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडास सांभाळणाऱ्या मुलीची शाळा बुडू नये म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आकारास आली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या मध्यभागी गेले. हा वारली समाजाचा मुलूख. येथील स्त्रिया लग्नप्रसंगी कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने त्रिकोण, वर्तुळे आणि रेघा यांतून अवघे जग उभे करीत आल्या आहेत. ज्यांना निरक्षर म्हणून हिणविले, त्यांच्या घरच्या भिंतींवर रेघेचे इतके प्रगल्भ ज्ञान होते, याची नोंद इतिहासाच्या अभ्यासकांनी घेतली पाहिजे.

१९६२ साली ताराबाईंस पद्मभूषण लाभले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा त्यांचा शब्द देशभर गेला. कोसबाडचे कार्य अनुताईंनी १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत चालविले.

शब्द सर्वत्र गेला. आशय तितका गेला काय, हा प्रश्न आम्हां शिक्षकांपुढे आहे. तीन-चार वर्षांच्या बालकाकडून वहीची पाने भरून घेण्याची घाई आज गरीब-श्रीमंत साऱ्याच वस्त्यांत दिसते. पालकांची तळमळ आम्ही जाणतो. शिक्षणावाचून तरणोपाय नाही, हे बाबासाहेबांच्या अनुयायांस सांगावे लागत नाही. परंतु पाया घाईने भरला तर इमारत टिकत नाही. खडू, दोरी, काड्या आणि मूठभर चिंचोके यांस खर्च येत नाही. पहिलीच्या आरंभीचे काही आठवडे आपण मुलांना अंगणात रेघा आखू द्याव्यात, त्यांवरून चालू द्यावे, त्या पुसू द्याव्यात. त्यानंतर पाटीवर उमटणारे अक्षर त्यांचे स्वतःचे असेल.