पिटातला उस्ताद

संगीत नाटकाच्या सुवर्णकाळात रसिक तिकीट काढीत ते बालगंधर्वांच्या गाण्यासाठी. पण गंधर्व नाटक मंडळीच्या प्रेक्षकांत असेही जाणकार असत, ज्यांचे कान रंगमंचासमोरच्या पिटाकडे लागलेले असत. तेथे कादरबक्षांची सारंगी आणि उस्ताद अहमदजान थिरकवाँ यांचा तबला असे.

खाँसाहेब मूळचे मुरादाबादचे. जन्म १८९२ च्या सुमाराचा. ते घडले मुंबईत, उस्ताद मुनीर खाँ यांच्या तालमीत. बोटे तबल्यावर थिरकतात म्हणून थिरकवाँ हे नाव पडले आणि तेच कायम झाले. मुनीर खाँ यांनी अनेक घराण्यांच्या बंदिशींचा साठा केला होता. दिल्लीचा किनारीवरचा, दोन बोटांचा नेमका बाज आणि लखनौ-फर्रुखाबादचा खुला, भरदार बाज असे दोन्ही या शिष्याच्या हाती आले.

त्या काळी तबलजीचा मान बेताचाच. गवयामागे ठेका धरून बसावे, एवढीच अपेक्षा. पाश्चात्त्य रॉक संगीतातही ड्रमवादक गायकाच्या मागेच बसतो. लेड झेपलिनच्या जॉन बॉनहॅमसारख्यांनी १९७० च्या आसपास त्याला कार्यक्रमात स्वतंत्र वादनाची हक्काची जागा मिळवून दिली. थिरकवाँचे एकल तबलावादन त्याच्या कितीतरी आधी ध्वनिमुद्रिकांवर आले होते. पेशकार, कायदा, रेला, गत अशी बढत ऐकताना श्रोत्याला गवयाची आठवणही होत नसे.

मात्र हा उस्ताद नाटकात शब्दांचा धाक मानून वाजवी. बालगंधर्वांच्या पदात भाव आधी, ताल नंतर. तेथे विद्वत्ता दाखवायला वाव नव्हता. ठेका डौलदार हवा आणि सम सहज यायला हवी. एकल वादनातही त्यांचा हात कधी आक्रस्ताळा झाला नाही. त्याचे श्रेय प्रस्तुत लेखकाच्या मते या नाटकी वर्षांना द्यायला हवे. केवळ दरबारी तालमीने तो गोडवा येत नाही.

पुढे रामपूर दरबार, मग लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात अध्यापन. १९७० मध्ये पद्मभूषण. उतारवयात मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने, म्हणजे एनसीपीएने, त्यांना पुन्हा या शहरात आणले. निखिल घोष, लालजी गोखले, भाई गायतोंडे हे त्यांचे शिष्य. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौ येथे त्यांचे निधन झाले. तोवर तबलजी हा शब्द मागे पडून तबलावादक म्हणण्याची रीत रुळली होती.