दांपत्यांचे फादर : आंरी काफारेल



लग्न ठरले की विवाहपूर्व शिबिर होते, चर्चमध्ये नावे वाचली जातात, वेदीसमोर वचने दिली जातात, फोटो निघतात. त्यानंतर त्या दोघांची विचारपूस होते ती बहुधा पहिल्या बाळाच्या स्नानसंस्काराच्या वेळी. मधल्या काळात घरात कुरबुर झाली, अबोला धरला गेला, सासू-सुनेत वाजले, नवऱ्याचा पाय संध्याकाळी घरी न वळता दुसरीकडे वळू लागला, तर ते जोडपे कोणाकडे जाणार? आमच्याकडे येतात ती पाणी डोक्यावरून गेल्यावर. तोवर दोघांनीही मनात दोन वेगळी घरे बांधलेली असतात.

हा प्रश्न नवा नाही. पॅरिसमधील एका धर्मगुरूपुढे तो १९३९ साली उभा राहिला आणि त्याच्या उत्तरातून दांपत्यांची एक चळवळ जगभर पसरली. त्या धर्मगुरूंचे नाव फादर आंरी काफारेल. आपल्याकडे मॅरेज एन्काऊंटरची शिबिरे अनेकांना ठाऊक आहेत. ती स्पेनचे फादर गाब्रिएल काल्व्हो यांच्या कामातून आली. काफारेल यांचे काम त्याच्याही आधीचे आणि थोडे वेगळ्या वळणाचे आहे.

त्यांचा जन्म फ्रान्समधील लियों शहरात ३० जुलै १९०३ रोजी झाला. तीनच दिवसांनी, २ ऑगस्टला, त्यांचा स्नानसंस्कार झाला. तरुणपणी प्रकृती तोळामासा होती. वयाच्या विसाव्या वर्षी, मार्च १९२३ मध्ये, त्यांच्या आयुष्यात अशी एक घटना घडली की तिच्याबद्दल ते पुढे फार थोडे बोलले, पण बाकी सारे आयुष्य तिच्यावरच उभे राहिले. प्रभू येशू आपल्यावर प्रेम करतो आणि आपणही त्याच्यावर प्रेम करू शकतो, हे त्यांना त्या दिवशी पुस्तकातले वाक्य म्हणून नव्हे, तर समोर उभ्या असलेल्या व्यक्तीसारखे जाणवले. १९ एप्रिल १९३० रोजी पॅरिसमध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. सुरुवातीची काही वर्षे त्यांनी तरुण ख्रिस्ती कामगारांच्या चळवळीत आणि नंतर कॅथोलिक ॲक्शनच्या कामात घालवली. मग हळूहळू प्रार्थना शिकवा म्हणून माणसे त्यांच्याकडे येऊ लागली.

त्यांत एक तरुण विवाहित स्त्री होती. तिला प्रार्थनेत मार्गदर्शन हवे होते. काही दिवसांनी ती नवऱ्यालाही घेऊन आली. त्या दोघांनी आपल्या मित्रांना सांगितले आणि आणखी तीन जोडपी तयार झाली. फादर तेव्हा पस्तिशीत होते. चारही जोडप्यांचा प्रश्न एकच होता. आमचे एकमेकांवर प्रेम आहे आणि आमचे ख्रिस्तावरही प्रेम आहे, या दोन प्रेमांचा एकमेकांशी संबंध काय?

आज हा प्रश्न साधा वाटेल. त्या काळी तो साधा नव्हता. पवित्रता म्हटली की डोळ्यांपुढे मठ येई, धर्मभगिनी येत, आमच्यासारखे झगा घातलेले लोक येत. आपल्या मराठीत तर प्रपंच आणि परमार्थ असे दोन शब्दच शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, जणू एकाच्या वाटेत दुसरा आडवा येतो. पोप पायस अकरावे यांनी १९३० च्या शेवटच्या दिवशी विवाहावर एक मोठे परिपत्रक काढले होते आणि त्यात विवाहाची थोरवी सांगितली होती. पण सोमवारी सकाळी डबा भरताना, रडणारे मूल कडेवर असताना त्या थोरवीचे करायचे काय, हे कोणी सांगत नव्हते. पॅरिसमध्ये त्या वर्षांत माणूस ही व्यक्ती आहे आणि व्यक्ती नात्यातच फुलते, असा विचार जोर धरत होता. एमान्युएल मूनिए यांचे 'एस्प्री' हे मासिक १९३२ पासून निघत होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ही नावे परीक्षेपुरती पाठ केली होती. पण चार जोडप्यांच्या जेवणाच्या टेबलावर तोच विचार जास्त स्पष्ट दिसतो असे आता वाटते.

फादर काफारेल यांनी त्या जोडप्यांना तयार उत्तर दिले नाही. तेवढे ज्ञान आपल्याकडे नाही, आपण मिळून शोधू, असे त्यांनी सुचवले. २५ फेब्रुवारी १९३९ रोजी पॅरिसमध्ये पहिली बैठक झाली. प्रार्थना, मग चर्चा, आणि महिन्याने पुन्हा भेटायचे. चळवळ काढायची असे कोणाच्या मनातही नव्हते.

सहा महिन्यांत महायुद्ध पेटले. १९४० च्या पराभवानंतर सुमारे १८ लाख फ्रेंच सैनिक जर्मनांच्या कैदेत गेले. घरोघरी बायका एकट्या, पत्र कधी येईल याचा भरवसा नाही, पॅरिसवर परक्यांचा झेंडा. अशा काळात हे गट मोडायला हवे होते, पण ते वाढले. एका घराने दुसऱ्या घराला सांगितले आणि दुसऱ्याने तिसऱ्याला. माणसाला अडचणीत शेजार लागतो, हे आपल्या आळ्यांत राहिलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको.

याच युद्धाने अनेक तरुण मुलींना विधवा केले. त्यांपैकी काही जणी फादरांकडे आल्या. नवरा गेला म्हणून लग्नातले प्रेमही गेले काय, असे त्यांचे विचारणे होते. त्यांच्यासाठी १९४३ साली एक भगिनीसंघ उभा राहिला. पुन्हा लग्न न करण्याची सक्ती कोणावरही नव्हती. चर्चने तशी सक्ती कधी केलेली नाही. पण ज्यांना आपले वैधव्य देवाला वाहायचे होते त्यांना एकमेकींची सोबत मिळाली. विधवेकडे केवळ कीव म्हणून पाहायची सवय आपल्याही समाजात आहे. काफारेल यांनी त्या स्त्रियांना काही देण्याजोगे जवळ असलेल्या व्यक्ती मानले.

१९४५ मध्ये त्यांनी विवाहित जीवनावर एक नियतकालिक सुरू केले. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ सोन्याची अंगठी. ते १९६७ पर्यंत चालले. ब्रह्मचारी धर्मगुरूला संसारातले काय कळणार, हा आक्षेप त्यांच्यावरही येई, जसा आमच्यावर येतो. त्यांनी त्याच्यावर साधा उपाय केला. ते दांपत्यांना विचारत आणि त्यांचे ऐकत. पुढे १९६९ साली विवाहातील शरीरसंबंधांसारख्या नाजूक विषयावरही त्यांनी गटांतील जोडप्यांना प्रश्न पाठवून माहिती गोळा केली.

युद्ध संपल्यावर खरी अडचण आली. गट भराभर वाढत होते, पण भीती आणि टंचाई सरताच ढिलाई शिरली. गप्पा होत, जेवण होई, मैत्री वाढे आणि प्रार्थना मागे पडे. फादरांनी एक गोष्ट ताडली. मठवासी माणसे शतकानुशतके टिकून राहतात, कारण त्यांच्याकडे नियम असतो. मग संसारी माणसांनीही त्यांच्या जीवनाला शोभेल असा नियम का घेऊ नये? ८ डिसेंबर १९४७ रोजी, अमलोद्भव मातेच्या सणाला, पॅरिसच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये त्यांनी गटांची सनद जाहीर केली. नियम ज्यांना जड वाटेल त्यांनी यात यावेच असे नव्हते. संख्या वाढवायची असताना अटी घालणे हा व्यवहारज्ञानाचा अभाव वाटेल. आमचे मत उलटे आहे. सनद नसती तर ते गट सहलीचे मंडळ होऊन दहा वर्षांत विरले असते.

त्या सनदेवर चालणाऱ्या गटाला आज 'टीम्स ऑफ अवर लेडी' म्हणतात. एका गटात पाच ते सात दांपत्ये आणि एक धर्मगुरू असतात. धर्मगुरू मार्गदर्शक असतो, प्रमुख नव्हे. प्रमुख म्हणून गट दर वर्षी आपल्यातलेच एक दांपत्य निवडतो, त्यामुळे कोणी खुर्चीला चिकटत नाही. महिन्यातून एकदा, आळीपाळीने एकेकाच्या घरी, सर्व जण जमतात. आधी साधे जेवण, मग प्रार्थना, मग गेल्या महिन्यातली सुखदुःखे, आणि शेवटी आधी वाचून आणलेल्या विषयावर चर्चा. जेवण साधे हवे याला कारण आहे. आपल्याकडे चार माणसे येणार म्हटले की घरातली बाई दोन दिवस ओट्यापाशी उभी. पुढच्या महिन्यात दुसरीला त्याहून वरचढ करावेसे वाटते. आणि पुरुष बाहेर देवाधर्माच्या गोष्टी बोलत असताना ती आत भांडी घासते. अशा बैठकीत दांपत्य कुठे आले?

बैठकांच्या मधल्या दिवसांत प्रत्येकाने काही गोष्टी पाळायच्या असतात. रोज देववचन ऐकणे, रोज एकांतात प्रार्थना, पतिपत्नींनी रोज मिळून प्रार्थना, स्वतःसाठी एखादा ठरवलेला नियम, वर्षातून एक तपसाधना. आणि त्या पाळल्या की नाही हे बैठकीत एकमेकांना सांगायचे. शेवटची अट सर्वांत अवघड.

या यादीतली एक गोष्ट आम्ही मुद्दाम वेगळी ठेवली आहे. तिला ते बसण्याचे कर्तव्य म्हणतात. महिन्यातून एकदा पतिपत्नीने दोघांनीच, प्रभूच्या समक्ष, एकमेकांसमोर निवांत बसायचे आणि आपल्या नात्याचा हिशेब पाहायचा. ही कल्पना लूकच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायातून आली. बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, तो हा दाखला. सोन्याच्या अंगठीच्या पहिल्याच वर्षी, १९४५ मध्ये, काफारेल यांनी या विसरलेल्या कर्तव्यावर लिहिले. आपल्याकडे बंगला बांधताना नवरा-बायको कॉन्ट्रॅक्टरसमोर दहा वेळा बसतात, फरशीच्या रंगावरून वाद घालतात, विटांचा भाव विचारतात. त्या घरात राहणाऱ्या दोघांचे काय चालले आहे, यासाठी एकदा तरी बसतात का? फादरांना भांडणापेक्षा सवयीची भीती जास्त वाटे. भांडण निदान ऐकू येते. सवयीने माखलेले प्रेम आवाज न करता विझते आणि ते दोघेही शुद्ध मनाने सांगतात की आमचे छान चालले आहे.

आता हे जाळे पसरले कसे ते पाहू. पगारी माणसे नव्हती. काही गटांची काळजी घ्यायला एक दुवा दांपत्य, अशा अनेक दुव्यांवर त्या विभागाचे एक दांपत्य, आणि तीही ठरावीक काळासाठी. खर्चासाठी प्रत्येक दांपत्य वर्षातून एका दिवसाची कमाई देते. ज्याची मिळकत मोठी त्याचा दिवस मोठा, ज्याची लहान त्याचा लहान, पण दिवस दोघांचाही एकच. १९४७ पासून गट बेल्जियममध्ये आणि पुढे इतर देशांत गेले. ब्राझीलमधील साओ पाउलोचे पेद्रो आणि नान्सी मोंकाऊ हे दांपत्य पत्राने काफारेल यांच्या संपर्कात आले आणि १३ मे १९५० रोजी तिथे पहिला गट जमला. पुढे ब्राझील हा या चळवळीचा एक मोठा आधार झाला. आज सत्तरहून अधिक देशांत, आपल्या भारतातही, हे गट आहेत.

१९५९ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी रोममध्ये या दांपत्यांचे स्वागत केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली पवित्रतेचे पाचारण सर्वांना आहे असे शिकवले, तेव्हा ही जोडपी तेच पंचवीस वर्षे जगायचा प्रयत्न करत होती. ४ मे १९७० रोजी पोप पॉल सहावे यांनी त्यांच्यापुढे विवाहावर केलेले प्रवचन आजही अभ्यासले जाते. १९९२ मध्ये पोपपीठाने चळवळीला मान्यता दिली आणि २००२ मध्ये तिचे नियम कायम केले.

फादर मात्र १९७३ साली, सत्तराव्या वर्षी, नेतृत्व सोडून बाजूला झाले. संस्था काढणाऱ्या माणसाला हे जमणे कठीण असते. बोव्हे शहराजवळच्या ट्रूस्यूर या खेड्यातील प्रार्थनागृहात ते राहिले आणि येणाऱ्यांना अंतर्मुख प्रार्थना शिकवत राहिले. १९८७ मध्ये शांतिली येथे चळवळीच्या जबाबदार दांपत्यांपुढे ते एकदा बोलले. त्यात त्यांनी सुरुवातीला काय नीट उमगले आणि काय सुटून गेले, शरीरसंबंधांचा विषयसुद्धा, हे मोकळेपणी मांडले. १८ सप्टेंबर १९९६ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, ट्रूस्यूरमध्येच त्यांचे निधन झाले आणि तिथल्याच दफनभूमीत त्यांना पुरले. त्यांना धन्य घोषित करण्याची प्रक्रिया पॅरिस धर्मप्रांतात २००६ साली सुरू झाली. २०१४ मध्ये तिचा तिथला टप्पा संपून कागदपत्रे रोमला गेली.

आपल्या धर्मग्रामात असा एक गट सुरू करून पाहावा असा आमचा विचार आहे. नवे लग्न झालेली, मुले शाळेत असलेली, मुलांची लग्ने उरकलेली, कोणतीही दांपत्ये चालतील. संसारात खटके उडत असतील तरी चालेल. पॅरिसमध्ये चार होती, आपल्याकडे तेवढी मिळाली तरी पुरेत. इच्छुकांनी, पतिपत्नी दोघांनी मिळून, रविवारच्या कोणत्याही मिस्सेनंतर कार्यालयात नावे द्यावीत. पहिली बैठक आमच्याकडे होईल आणि जेवणाला कालवण-भात असेल.